फ्रेंच क्रियापदांची रूपं कुठे तोडायची, कशी वाचायची: वारंवार होणारी गडबड आणि उपाय

वही तपासली तर सगळं बरोबर असतं. 'पार्ले', म्हणजे बोलणे, या क्रियापदाची वर्तमानकाळातली सहाही रूपं न चुकता लिहिलेली असतात. मोठ्याने वाचायला सांगितलं की मात्र 'ते बोलतात' या रूपापाशी घोटाळा होतो. 'इल पार्लेन्त' तरी ऐकू येतं, नाहीतर 'इल पार्लां'. बरोबर उच्चार आहे 'इल् पार्ल्'. एकदा दाखवलं की त्या तासापुरतं सुधारतं, आणि पुढच्या धड्यात नवं क्रियापद आलं की चूक पुन्हा हजर.

अकरावी-बारावीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेणारी मुलं असोत की कॅनडाला जायचं म्हणून टीईएफ किंवा टीसीएफ या फ्रेंचच्या परीक्षांची तयारी करणारे नोकरदार, शिकवताना मला हीच अडचण सगळ्यांत जास्त दिसते. तिचं कारण हुशारी किंवा मेहनत कमी पडणं हे नाही. शब्द डोळ्यांनी तोडला जातो आणि मग ते तुकडे वाचले जातात, हे खरं कारण. फ्रेंच क्रियापदाच्या बाबतीत ही उलटी वाट आहे. आधी काय ऐकू येतं ते ठरवायचं आणि मग तोडायचं.

लेखात वापरलेल्या खुणा आधी सांगतो. पाय मोडलेलं अक्षर म्हणजे तिथे 'अ' अजिबात नाही. 'झ' झेब्राचा. 'ज' म्हणजे 'श' म्हणता म्हणता गळा घुमवला की जो आवाज होतो तो. 'ॲ' आणि 'लॅ', 'तॅ' अशी चिन्हं आपल्या ए आणि ॲ यांच्या मधल्या स्वरासाठी आहेत. अनुस्वार फक्त नाकातल्या स्वराचा, त्याच्यामागे न् किंवा म् येत नाही.

दोन वेगळ्या तोडी

फ्रेंचमध्ये शब्द तोडण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की सगळं बिघडतं. एक पद्धत छपाईची. ओळ संपली आणि शब्द मावला नाही तर संयोगचिन्ह कुठे द्यायचं, एवढ्यापुरती ती. तिच्या नियमाप्रमाणे जोड व्यंजनं मधोमध फुटतात आणि दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं. त्यामुळे 'ते बोलतात' हे रूप कागदावर पी-ए-आर, मग एल-ई-एन-टी असं दोन तुकड्यांत तुटतं. दुसरी पद्धत तोंडाची. तोंडात त्याच रूपाचं एकच सिलॅबल, म्हणजे एका ठोक्यात म्हटला जाणारा तुकडा, आहे: पार्ल्. टाळी एकदाच वाजते.

इंटरनेटवर शब्द तोडून देणारी जी साधनं सापडतात ती बहुतेक पहिल्या पद्धतीने तोडतात. ती छपाईला उपयोगी, उच्चाराला नाहीत. शब्दकोशात उच्चार बघायचा तर चौकोनी कंसातली ध्वनिलिपी बघावी.

लिहितो एक आणि बोलतो दुसरं, हे मराठी माणसाला नवीन वाटायचं कारण नाही. 'बोलतो' आपण बो-ल-तो असं तीन अक्षरांत लिहितो आणि 'बोल्-तो' असं दोन ठोक्यांत म्हणतो. 'समजतात' मधला ज पूर्ण लिहितो, पण उच्चार 'स-मज्-तात्' असा करतो. हे कुणी शिकवावं लागत नाही, कारण कान आधी आला आणि लिपी नंतर. फ्रेंचच्या बाबतीत आपल्याकडे लिपी आधी येते, पुस्तकातून, आणि कान खूप मागून.

ई-एन-टी कधी बोलतं, कधी गप्प

'पार्लेन्त' म्हणणारा अजून अक्षर न् अक्षर वाचतोय. त्याला दुरुस्त करणं सोपं. 'पार्लां' म्हणणारा विद्यार्थी जास्त अभ्यासू असतो. ई-एन म्हणजे नाकातला आं, शेवटचा टी गप्प, हे तो बरोबर शिकलेला असतो आणि तेच प्रामाणिकपणे इथे लावतो. 'मूल' या अर्थाच्या 'आंफां' या शब्दात पहिला आं ई-एनचाच. 'अध्यक्ष' या अर्थाच्या 'प्रेझिदां' मध्ये शेवटी हेच ई-एन-टी आहे आणि तिथे आं बरोबरच आहे.

म्हणून 'ई-एन-टी वाचायचं नाही' एवढाच नियम पाठ केला तर तो दुसऱ्या बाजूने फसवतो. नियम शब्दाच्या स्पेलिंगवर नाही, वाक्यातल्या त्याच्या कामावर आहे. क्रियापद आहे का आणि कर्ता तृतीय पुरुषी अनेकवचनी आहे का, हे दोनच प्रश्न विचारायचे. दोन्हींची उत्तरं हो असतील तरच ई-एन-टी गप्प. फ्रान्समधल्या शाळांत यासाठी एक जुनं वाक्य सांगतात: 'ले पूल् द्यु कूवां कूव्', म्हणजे मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात. शेवटचे दोन शब्द अक्षरशः सारख्याच स्पेलिंगचे आहेत. मठ हे नाम, म्हणून 'कूवां', दोन सिलॅबल. उबवतात हे क्रियापद, म्हणून 'कूव्', एक सिलॅबल.

एकवचनातही क्रियापदाच्या शेवटी ई-एन-टी दिसतं. 'तो येतो' म्हणजे 'इल् व्यॅं' आणि 'तो धरतो' म्हणजे 'इल् त्यॅं'. इथे कर्ता एक आहे, म्हणून ई-एन-टीमधला नाकातला स्वर बोलतो. 'ते येतात' झालं की एन दोनदा येतो, त्यामागचं ई-एन-टी गप्प होतं आणि उच्चार 'इल् व्यॅन्' असा होतो. नाकातला स्वर गेला आणि खणखणीत न् आला.

आणखी एक घसरण इथेच होते. ई-एन-टी गप्प असतं हे डोक्यात बसलं की मुलं ओ-एन-टी सुद्धा गिळायला लागतात. ते गिळायचं नाही. 'त्यांच्याकडे आहे', 'ते आहेत', 'ते करतात', 'ते जातात' या चार रूपांत आणि भविष्यकाळाच्या तृतीय पुरुषी अनेकवचनात शेवटी ओ-एन-टी आहे आणि तो नेहमी ओं असा ऐकू येतो. 'ते बोलतील' म्हणजे 'इल् पार्-ल-रों'.

चुकीचा उच्चार एवढा महत्त्वाचा का, तर 'पार्लां' हा फ्रेंचमध्ये खरोखर असलेला शब्द आहे. 'बोलत असताना' या अर्थाचं ते रूप आहे, ए-एन-टी ने लिहितात. म्हणजे चूक झाली की ऐकणाऱ्याला नुसता विचित्र उच्चार ऐकू येत नाही, वेगळं रूप ऐकू येतं.

पार्ल् मधला नको असलेला अ

'इल् पार्ल्' पर्यंत आल्यावर मराठी तोंडाची एक खास अडचण समोर येते, आणि तिच्याबद्दल पुस्तकांत सहसा काही मिळत नाही. मराठीत शब्दाच्या शेवटी साधं व्यंजन असेल तर त्यातला अ आपण सोडून देतो: घर, पान, दगड. पण शेवटी जोडाक्षर असेल तर अ राहतो: धर्म, वस्त्र, मित्र. म्हणून 'देतात' या अर्थाचं 'दॉन्' आपल्या तोंडी एका ठोक्यात नीट बसतं आणि 'पार्ल' लिहिलं की ते 'धर्म' सारखं वाचलं जातं, मागे अ लावून. ठोके दोन होतात.

उपाय दोन. वहीत देवनागरीत उच्चार लिहीत असाल तर पाय मोडायला विसरू नका. दुसरा उपाय जास्त चांगला: पुढे स्वराने सुरू होणारा शब्द ठेवून सराव करा. 'पार्ल् आ पॉल्', म्हणजे पॉलशी बोलतो, हे झटकन म्हटलं की 'पार्-ला-पॉल्' असं जुळतं आणि ल् आपोआप पुढच्या आ ला चिकटतो. दहा-बारा वेळा असं म्हणून मग 'आ पॉल्' काढून टाका. जीभ ल् वर थांबायला शिकलेली असते.

यावर नेहमी विचारलं जातं की गाण्यात तर शेवटचा 'अ' स्पष्ट ऐकू येतो, मग आम्ही म्हटला तर काय बिघडलं. गाण्यात येतोच. अभिजात फ्रेंच पद्यातही पुढे व्यंजन असेल तर शेवटचा ई मोजला जातो, आणि 'ते बोलतात' सारख्या रूपाची तिथे दोन सिलॅबल धरतात. दक्षिण फ्रान्समध्ये, मार्सेय किंवा तुलूझकडे, रोजच्या बोलण्यातही हा ई ऐकू येतो. तो उच्चार चुकीचा नाही. पण परीक्षेच्या ध्वनिफितींमध्ये बहुधा ज्या फ्रेंचची अपेक्षा असते त्यात तो नाही, आणि एका क्रियापदात म्हणायचा, दुसऱ्यात सोडायचा, असं कुणी दक्षिणेतही करत नाही.

गप्प ई चं काम

शेवटचा ई किंवा ई-एन-टी स्वतः बोलत नाही, पण आपल्या आधीच्या व्यंजनाला बोलायला लावतो. हे एकदा नीट कळलं की पुष्कळ क्रियापदं एकदम सुटतात. 'तो निघतो' म्हणजे 'इल् पार्', टी गप्प. 'ते निघतात' म्हणजे 'इल् पार्त्', टी बोलतो. 'तो विकतो' वां, 'ते विकतात' वांद्. 'तो ठेवतो' मॅ, 'ते ठेवतात' मॅत्. 'तो वाचतो' ली, 'ते वाचतात' लीझ्. 'तो संपवतो' फि-नी, 'ते संपवतात' फि-नीस्. सिलॅबलची संख्या कुठेच वाढत नाही, फक्त शेवटचं दार बंद होतं. एक का अनेक, हे फ्रेंच माणूस त्या शेवटच्या व्यंजनावरून ओळखतो. ते व्यंजन नीट वाजवणं हेच अनेकवचन नीट बोलणं.

पहिल्या गटातल्या, म्हणजे ई-आर ने संपणाऱ्या क्रियापदांना ही सोय नाही. 'मी, तू, तो, ते' या चारही कर्त्यांबरोबर 'पार्ल्' तेच राहतं. वेगळे फक्त 'आम्ही' चं 'पार्-लों' आणि 'तुम्ही' चं 'पार्-ले'. अपूर्ण भूतकाळात तीच तऱ्हा. प्रत्ययाचं स्पेलिंग ए-आय-एस असो, ए-आय-टी असो किंवा पाच अक्षरांचं ए-आय-ई-एन-टी असो, ऐकू येतं एकच, 'पार्-लॅ'.

मधला ई कधी गळतो

शेवटचा ई सोडवला, आता मधला. 'आम्ही विकत घेतो' हे रूप छपाईत ए, मग सी-एच-ई, मग टी-ओ-एन-एस असं तुटतं. बोलताना मधला ई गळून 'आश्-तों' असं दोन ठोक्यांचं होतं. 'आम्ही हाक मारतो' म्हणजे 'आप्-लों'. 'मी देईन' म्हणजे 'दॉन्-रे'. आपल्या 'बोल्-तो' सारखंच.

पण 'मी बोलेन' मात्र 'पार्-ल-रे', तीन ठोके. इथे ई का राहिला? तो काढला तर र्, ल्, र् अशी तीन व्यंजनं एकमेकांवर आदळतात. मोरीस ग्रामों या फ्रेंच ध्वनिशास्त्रज्ञाने हे तीन व्यंजनांचा नियम म्हणून मांडलं. नियमाला अपवाद आहेत, पण क्रियापदाच्या भविष्यकाळासाठी तो उत्तम चालतो: ई च्या आधी एक व्यंजन असेल तर गाळा, दोन असतील तर ठेवा. 'मी दाखवीन' म्हणजे 'मों-त्र-रे'. आणि ई च्या आधी स्वरच असेल तर विचार करायचा नाही, ई जातोच. 'मी खेळेन' म्हणजे 'जू-रे', दोन सिलॅबल, मध्ये काहीही नाही.

आता हा गळणारा ई शब्दाच्या ऐकू येणाऱ्या शेवटच्या सिलॅबलमध्ये आला तर? तिथे तो गळू शकत नाही, आणि अ सारखा बुळबुळीतही राहू शकत नाही, कारण फ्रेंचमध्ये जोर तिथेच पडतो. मग तो उघडून ॲ होतो: 'मी विकत घेतो' म्हणजे 'जा-शॅत्', 'मी हाक मारतो' म्हणजे 'जा-पॅल्'. स्पेलिंगमध्ये हा बदल एका ठिकाणी ई वर उतरती खूण देऊन दाखवतात आणि दुसऱ्या ठिकाणी एल दुप्पट करून. विद्यार्थी या दोन वेगळ्या याद्या पाठ करतात. उच्चाराच्या बाजूने बघितलं तर घटना एकच आहे.

'पसंत करणे' या क्रियापदात तर स्पेलिंगच मागे राहिलं होतं. 'मी पसंत करतो' मध्ये 'प्रे-फॅर्', दुसऱ्या ई वर उतरती खूण. पण भविष्यकाळात उच्चार ॲ चा असूनही खूण चढती द्यायची रीत होती. 1990 च्या शुद्धलेखन सुधारणांनी तिथेही उतरती खूण मान्य केली. दोन्ही प्रकार आज छापलेले दिसतात. वाचताना दोन्हीकडे ॲ च.

जोड व्यंजनं आणि नाकातले स्वर

'पत्ता' आणि 'पता' हे आपल्याला वेगळे ऐकू येतात. म्हणून पी-पी, एन-एन, टी-टी दिसलं की मराठी वाचक इमानदारीने दोनदा दाबतो: 'आप्पेले', 'दॉन्ने'. फ्रेंच क्रियापदांत ही दुप्पट बहुतेक वेळा कागदावरची असते. 'दॉ-ने' म्हणा, हलक्या हाताने. एकाच ठिकाणी आपली सवय कामाला येते: 'धावणे' आणि 'मरणे' या क्रियापदांच्या भविष्यकाळात दुहेरी आर खरोखर लांबवतात. 'मी धावत होतो' म्हणजे 'कू-रॅ' आणि 'मी धावेन' म्हणजे 'कूर्-रे'. काळ ओळखायचा तो त्या दाबलेल्या र वरूनच. 'मी पाहीन' आणि 'मी करू शकेन' मध्ये मात्र दोन आर लिहूनही एकच र म्हणतात.

नाकातल्या स्वराचं दुखणं असं की मराठीत अनुस्वार पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतो. आंबा म्हणताना म् येतो, मांजर म्हणताना न्. त्यामुळे 'ते खातात', म्हणजे 'मांज्', हे 'मान्ज्' होतं. नमुना म्हणून आपला 'हां' घ्या. 'हां, बरोबर' मधल्या हां च्या शेवटी जीभ कुठे टेकत नाही आणि ओठ मिटत नाहीत. तोच आं. कोंकणी बोलणाऱ्या गोव्यातल्या मुलांना हे फार लवकर जमतं, कारण त्यांच्या भाषेत नाकातले स्वर जागोजागी आहेत. एकदा आं जमला की ओं वर जा, ओठ जास्त गोल करून. 'पार्-लों' आणि 'पार्-लां' यांतला फरक फक्त ओठांचा आहे.

वाय आणि दोन आय

दोन स्वरांमधला वाय म्हणजे दोन आय समजा. पहिला आधीच्या स्वराबरोबर मिसळतो, दुसरा य होतो. 'आम्ही पाहतो' म्हणजे 'व्वा-यों'. 'ते पाठवतात' मध्ये वाय नाही, साधा आय आहे, म्हणून य नाही: 'आं-व्वा', आणि ई-एन-टी अर्थातच गप्प. 'पैसे देणे' या क्रियापदाला दोन्ही वाटा खुल्या आहेत. आयने लिहिलं तर 'ज पॅ', वायने लिहिलं तर 'ज पॅय्'. दोन्ही शुद्ध.

'आम्ही बोलत होतो' म्हणजे 'पार्-ल्यों', दोन ठोके. पण 'आम्हाला हवं आहे' हे नम्रपणे सांगणारं रूप 'वू-द्री-यों', तीन ठोके. कारण तिथे आय च्या आधी द् आणि र् जुळून आले आहेत आणि त्यांच्यावर आणखी य चढवणं तोंडाला झेपत नाही. 'तुम्ही करायला हवं' या रूपातही तेच, 'द-व्री-ये'.

एकटं क्रियापद तोडू नका

वहीत रूपं पाठ करताना कर्ता वेगळ्या रकान्यात आणि क्रियापद वेगळ्या रकान्यात असतं. बोलताना ते वेगळे नसतात. 'त्यांच्याकडे आहे' म्हणजे 'इल्-झों' आणि 'ते आहेत' म्हणजे 'इल्-सों'. फरक एका झ चा, आणि तो झ क्रियापदाचा नाहीच, सर्वनामाच्या गप्प एस चा आहे. पुढे स्वर आला की तो जागा होतो. 'तो प्रेम करतो' म्हणजे 'इ-लॅम्' आणि 'ते प्रेम करतात' म्हणजे 'इल्-झॅम्'. वर म्हटलं तसं पहिल्या गटाला शेवटच्या व्यंजनाची सोय नाही. क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर ती कसर हा झ भरून काढतो.

आता एक पूर्ण रूप सोडवू: 'ते विकत घेत होते'. लिहिताना तेरा अक्षरं. प्रत्ययावर बोट ठेवा: ए-आय-ई-एन-टी, म्हणजे फक्त ॲ. उरलं मूळ: ए-सी-एच-ई-टी. मधल्या ई च्या आधी श् हा एकच व्यंजनध्वनी, म्हणून ई गळला: 'आश्त्'. प्रत्यय जोडा: 'आश्-तॅ'. पुढे सर्वनाम लावा, आ हा स्वर आहे म्हणून झ जागा झाला: 'इल्-झाश्-तॅ'. तीन टाळ्या. हाच क्रम ठेवा, कारण प्रत्यय आधी ठरला नाही तर मुळातल्या ई चं काय होणार ते कळत नाही.

एच ने सुरू होणाऱ्या क्रियापदांपाशी थोडं थांबून बघा. 'राहणे' मध्ये एच नसल्यासारखा वागतो: 'इल्-झा-बीत्'. 'द्वेष करणे' मध्ये एच ऐकू येत नसला तरी जोडणी अडवतो: 'इल् आ-ईस्', मध्ये झ नाही. याच रूपात आय वर दोन टिंबं असतात, ती सांगतात की आ आणि ई वेगळे म्हणा. एकवचनात टिंबं नाहीत, म्हणून तिथे ए-आय मिळून एकच स्वर, 'इल् ॲ'. शब्दकोशात अशा एच च्या आधी खूण दिलेली असते.

घरी तपासायचं तर फोनवर फ्रेंच व्हॉइस टायपिंग सुरू करा आणि सुटं क्रियापद न म्हणता पूर्ण वाक्य म्हणा. 'मुलं खातात' म्हणजे 'ले-झां-फां-मांज्', चार ठोके. पडद्यावर शेवटचा शब्द ई-एन-टी ने लिहून आला तर उच्चार पोचला. ए-एन-टी चं रूप उमटलं तर तुम्ही अजून 'मां-जां' म्हणताय, प्रत्ययावर बोट ठेवून पुन्हा म्हणा. 'इल्-झॅम्' आणि 'इ-लॅम्' आलटून पालटून म्हणून बघा. झ नीट लागला असेल तर एकदा अनेकवचन आणि एकदा एकवचन लिहून येईल.